डोंग्याचा वाटा

२९ सप्टेंबर १९५६, शनिवार

इस्तारीभाऊजी आले होते. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, मग कितीतरी वेळ पानाला चुनाच लावत राहिले. मला कळलंच — काहीतरी बोलायचं आहे आणि ते पानात गुंडाळून बोलायचं आहे.

"वयनी, कार्तिकाची पुनव येऊन राह्यली."

"येऊ द्या."

"गेल्या साली दुखवटा म्हून पंचाईनं सोडलं. औंदा डोंगे मोजतीन."

मोजतील, हे मला सांगायला नको. आमच्या ढिवरांच्या घाटावर वाटा डोंग्याला असतो, माणसाला नसतो. पुनवेच्या सकाळी ज्या घराचा डोंगा डोहात उतरेल आणि काळ्या खडकाला वळसा घालून परत येईल, त्या घराला वर्षभर डोहात मासेमारीची पाळी. ज्याचा उतरला नाही, त्याची पाळी शेजारच्या डोंग्याला जाते. आमच्या शेजारचा डोंगा म्हणजे भाऊजींचाच. यांचे चुलतभाऊ ते.

"तुमची पाळी मी चालवतो. मासे घरी पाठवून देईन. तुमाले नि मोठीमायले कमी नाई पडू देनार."

मनाने वाईट नाहीत. पाठवतीलही. पण पाठवणाऱ्याच्या घरी पाहुणे आले की पाठवायचे मासे कमी होतात. पहिल्या वर्षी टोपलीभर, दुसऱ्या वर्षी पानात बांधून, तिसऱ्या वर्षी आपणच त्यांच्या दारात उभं राहायचं. मी म्हटलं, "आमचा डोंगा उतरन."

"कोनता?"

आतून सासूबाईंचा आवाज आला — "बोलाले काय लागते!"

३० सप्टेंबर

आमचा डोंगा, मोहाच्या एकाच खोडातून कोरलेला, अंगणात पालथा पडला आहे. गेल्या वर्षी श्रावणात, पुरात, हे त्यातूनच गेले. हे खालच्या वळणावर सापडले. डोंगा त्याच्याही खाली, झुडपात अडकलेला. त्याला साधा ओरखडा नाही.

ज्यातून माणूस गेला तो डोंगा पुन्हा पाण्यात घालत नाहीत. जाळतही नाहीत. पालथा ठेवतात, आणि घरच्यांचं मन झालं की कापून जनावरांना पाणी पाजायला डोणी करतात. आमचं मन अजून झालेलं नाही. मी त्याच्यावर बसूनच हे लिहिते. खाली हात घातला की आतून दोन खळगे लागतात. उभं राहून राहून यांच्या पायांनी पाडलेले.

ही वही मास्तरांच्या इंदिराबाईंची. मासे द्यायला जायची तेव्हा त्यांच्याच पायरीवर पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं लावायला शिकले. हे हसायचे. "झिंग्याच्या बदल्यात क ख ग घेऊन आली." हसायचे, पण संध्याकाळी कंदिलाची काच पुसून ठेवायचे.

ठरलं. डोंगा घ्यायचा. चालवणार कोण ते पुढे पाहू.

३ ऑक्टोबर

भाऊजींनी त्यांचा जुना डोंगा दाखवला. सावरीच्या लाकडाचा. "असाच घेऊन जा, वयनी. आपल्याच घरात राहीन." हलका इतका की मी एका हाताने सरकवला. मला आवडला.

सासूबाई न बोलावता मागून आल्या होत्या, गवत कापायला म्हणून हातात विळा. वाकल्या आणि विळ्याचं टोक डोंग्याच्या तळाला लावलं. भाकरीत जावं तसं आत गेलं.

"सावर म्हंजे दोन पावसाची पाहुनी."

भाऊजी हसले. "मोठीमाय, तुले काय समजते डोंग्यातलं?"

"मले काय समजनार बाप्पा. मी विळा पुसून राह्यली होती."

आणि दुसरं असं — भाऊजींचा डोंगा घेतला तर पुनवेला तो कोणाच्या घरचा मोजतील? हे मला घरी येताना सुचलं. आधी सुचायला हवं होतं.

४ ऑक्टोबर, सर्वपित्री

यांच्या नावाचं पान ठेवलं. कावळा लगेच आला. सासूबाई म्हणाल्या, "जिता होता तवा कधी वेळेवर जेवाले आला नाई."

१५ ऑक्टोबर, सोमवार

आष्टीच्या घाटावर जाऊन आले. तिथल्या बिरजू नावाड्याकडे फळ्यांची एक जुनी नाव विकायला आहे, असं बाजारात ऐकलं होतं. घाटावर ही गर्दी! पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे चांद्याला निघालेले. उद्या तिथे त्यांच्या दीक्षेची मोठी सभा आहे. बिरजूने विकायची नावसुद्धा कामाला लावली होती. मी म्हटलं बरंच झालं, भरलेली पाहायला मिळेल. पलीकडे जाऊन परत आले.

नाव हलत नाही. माणसं उठतात, बसतात, एक म्हातारी तर मधोमध आडवी झाली, तरी नाव जागची कलत नाही. काठ धरून बसले आणि गेल्या वर्षीचा श्रावण आठवला. अशी असती तर. एवढंच आठवत बसले.

"हे बुडत नाई, बाई. हत्ती बसवा."

"हत्ती कायले बसवू? मले मासे धराचे हायेत." मग विचारलं, "बाहेर काढाले किती मानसं लागतात?"

"चार. बैल असन त दोन."

आमच्याकडे मी आणि सासूबाई. शिवाय आमच्या डोहाचं तोंड दोन खडकांमधून आहे, डोंगा कसाबसा जातो. ही तिथेच बूच मारल्यासारखी बसेल. आणि दर उन्हाळ्याला फळ्यांच्या फटीत डांबर.

नाही म्हणून आले. जी हलत नाही ती वळतही नाही.

२३ ऑक्टोबर

नदीपलीकडे जंगलात जंगू म्हणून एक गोंड आहे. मोहाच्या खोडाचे डोंगे कोरतो. आमच्या घाटावरचे निम्मे त्याच्याच हातचे. पहाटे निघाले ते दुपारी पोचले. माप घ्यायला यांचा बांबू खांद्यावर नेला होता. पाण्यात टेकवून डोंगा पुढे ढकलायचा तो.

झाडाखाली दोन डोंगे. एक मोठा, तयार. एक लहान, अर्धा कोरलेला. मोठ्याला बांबू लावला. बांबू आणि वर दोन हात, अगदी आमच्या डोंग्याएवढा. आत उतरून मागच्या टोकाला उभी राहिले. उंची बरोबर, रुंदी बरोबर. डोळे मिटले तर वाटलं, हाच.

जंगू चिलीम ओढत पाहत होता. "चांगला आहे. पन जड आहे, बाई. चालवनार कोन?"

"हाये मानूस," मी म्हटलं.

परत येताना पूर्ण वाट हेच डोक्यात. हाये मानूस!

२४ ऑक्टोबर

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी मोठ्या तोऱ्यात डोंग्याचं माप सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"हे त मन्सारामचं माप झालं."

मी सुपातला एक खडा उचलून टाकला.

"मेलेल्या मानसाच्या मापाचा डोंगा कायले पाहून राह्यली? त्याच्यात बसनार कोन?"

"मी."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर कळलं की दुसरं उत्तर कधी नव्हतंच.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "पोरगा खाल्ला त्या डोहानं. आता सून बी नेऊन दे त्याले." उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत.

२५ ऑक्टोबर

बोलत नाहीत. माझ्या वाटचं सगळं बकरीला सांगतात. "बकरे, आपल्या घरात लय शहानी मानसं हायेत वं."

२८ ऑक्टोबर

जंगूकडे पुन्हा गेले. यांचा बांबू घरीच कोपऱ्यात ठेवला.

लहान डोंग्यात बसले. पाय लांब केले, दोन्ही कोपरं दोन्ही काठांना टेकली. उभी राहिले, थोडा डुलला, पण मला ओळखल्यासारखा डुलला. मोठ्यात मी हरवले होते, हा माझ्याभोवती आहे. त्याच्या तोंडाशी एक गाठ आहे लाकडाची, डोळ्यासारखी. तीही आवडली.

जंगू म्हणाला, "दिवाळी झाली की गाडीवर पाठवतो. ओलं लाकूड आहे, सांभाळजो."

म्हटलं, लेकरासारखा सांभाळीन. पाटल्या त्याच्या बायकोच्या हातात दिल्या. हात हलका वाटला, तो दिवसभर.

१ नोव्हेंबर

आजपासून आपण मुंबई राज्यात, मास्तर सांगत होते. मुंबईला समुद्र आहे. तिथले डोंगे कोण मोजत असेल?

६ नोव्हेंबर

आला! गाडीवर झूल टाकून नवरदेवासारखा आणला. अर्धा घाट पाहायला जमला. गर्दीतून झाडू ढिवर म्हणाला, "रुखमाबाई, हे डोनी कायले आनली?" सगळे हसले. हसू देत.

पाण्याजवळ ठेवायचा धीर झाला नाही. वाहून गेला तर? वर कोरड्या रेतीवर ओढून घेतला, चांगलं ऊन लागेल अशा जागी. जुन्या लुगड्याने आतून-बाहेरून कोरडा पुसला. सासूबाई घाटाच्या माथ्यावरून पाहत होत्या. काही बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि वळून गेल्या.

९ नोव्हेंबर

तळाला एक रेघ दिसते आहे. केसाएवढी. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलं आणि पुन्हा उन्हात ठेवला, तेल मुरावं म्हणून.

१० नोव्हेंबर

रेघ आता बोटभर लांब. नख आत जातं. आणखी तेल चोळलं. कोणाला विचारावं? विचारलं तर म्हणतील, बाईच्या हातात डोंगा आला की असंच व्हायचं.

११ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रेतीवर डोंगा नव्हता.

घाटभर धावले. मग दिसला. गुडघाभर पाण्यात, तळाशी, बुडालेला. आत दगड भरलेले. दोराही बांधलेला नव्हता, कशाला बांधतील, दगडांनी खाली दाबलाच होता.

तशीच भाऊजींच्या अंगणात गेले. ते दात घासत होते. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, पाळी पाहिजे होती तर तोंडाने मागायची, चोरासारखं दगड टाकून बाईचा डोंगा बुडवता? शेजारपाजारची सगळी बाहेर आली. भाऊजी राखेच्या तोंडाने नुसते उभे.

"वयनी, म्या नाई. मन्सारामभाऊची आन."

यांची आण घेतली म्हणून आणखी चिडले.

१२ नोव्हेंबर

लटारूबुवा आले. घाटाचे म्हातारे पंच, पुनवेला डोंगे तेच मोजतात. चार माणसं लावून डोंगा वर काढला, दगड बाहेर टाकले. दगड फेकलेले नव्हते, एकेक करून मांडलेले होते. जड मधोमध, हलके टोकांना.

मी रेघ शोधली. सापडेना. बोट फिरवलं, नख फिरवलं. मिटली होती.

लटारूबुवा तळ चाचपून म्हणाले, "ओलं लाकूड उनात कोन टाकते, बाई? एका हप्त्यात उभं फाटलं असतं. नवा डोंगा बुडवूनच ठेवा लागते. ज्यानं बुडवला त्यानं वाचवला."

"कोनं बुडवला?"

त्यांनी हात झटकले. "दगड टाकनाऱ्याले डोंगा समजते, एवढं खरं."

म्हणजे आमचा नवा डोंगा मीच उन्हात सुकवत होते, आणि तेलाने चोळत होते. आयुष्यभर ढिवराच्या घरात राहिले. डोंगे पाण्यात बुडवलेले रोज पाहिले. वाटायचं, चोरांच्या भीतीने बुडवतात. बायांना कोणी सांगत नाही आणि बाया विचारत नाहीत.

संध्याकाळी भाऊजींकडे गेले. माफी मागितली, सगळ्यांसमोर, जशी शिवीगाळ केली होती तशीच मोठ्याने. भाऊजी म्हणाले, "दात त घासू द्याचे होते, वयनी." त्यांची बायको आत खुदखुदली.

१४ नोव्हेंबर

उथळ पाण्यात शिकते आहे. यांचा बांबू मला लांब होतो, हात वरच राहतात. नवा तोडून आणला. उजवीकडे टेकवला तर डोंगा गरकन डावीकडे. डावीकडे टेकवला तर उजवीकडे. दिवसभरात पुढे गेले नाही, पण गोल फार चांगली फिरते.

दोनदा पडले. पाणी नाकात गेलं तेव्हा यांना काय झालं असेल ते कळलं. बाहेर येऊन थोडा वेळ बसले. मग पुन्हा चढले.

१८ नोव्हेंबर, कार्तिक पुनव

सगळे डोंगे रांगेत. लटारूबुवा हळदीची वाटी घेऊन उभे, जो वळसा घालून येईल त्याच्या तोंडाला हळद लावायची. मी माझा डोंगा रांगेच्या शेवटी ओढत आणला आणि काष्टा घट्ट केला. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

झाडू ओरडला, "बाई बसन काय डोंग्यात? डोह बाटन नं!"

कुजबुज सुरू झाली. भाऊजी खाली पाहत होते. मी लटारूबुवांना म्हटलं, "बुवा, वाटा कोनाले?"

"डोंग्याले."

"मानसाले नाई?"

"नाई."

"मंग डोंगा आला का नाई ते पाहा. आत कोन हाये ते कायले पाहाता?"

"बोलली बाप्पा वहीवाली!" कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

लटारूबुवांनी घाटाच्या माथ्याकडे पाहिलं. तिथे दगडावर सासूबाई बसल्या होत्या. का पाहिलं ते कळलं नाही. सासूबाईंनी तोंड फिरवलं. बुवांनी वाटी या हातातून त्या हातात घेतली. "उतरव डोंगा, बाई."

कशी गेले ते मलाच ठाऊक. मधोमध दोन गिरक्या. खडकावर धाडकन आपटले, गुडघे सोलले, हाताने खडकाला ढकलून वळसा पुरा केला. परत येताना प्रवाहानेच आणलं म्हणा. डोंग्याचं तोंड भाऊजींनी पुढे होऊन धरलं.

"खडक पुढच्या साली बी पाह्यजे, वयनी. फोडू नोका."

त्या गाठीवर, डोळ्यावर, हळद लागली. वाटा राहिला.

२२ नोव्हेंबर

पहिली पाळी वाया गेली. बांबू धरला तर जाळं फेकता येत नाही. जाळं फेकलं तर डोंगा आपल्या मनाने फिरतो आणि जाळं डोंग्याखाली. हे एकटे करायचे दोन्ही. मला जन्म लागेल. मागे बांबूवर एक माणूस हवा. तिघांना विचारलं. बाईच्या मागे बसायला कोणी तयार नाही. एकाने तर, "लोक हासतीन," असं सांगितलं आणि स्वतःच हसला.

दिवसभरात मूठभर झिंगे. तेही काठाशी, हाताने धरलेले.

वाटा आहे आणि मासे नाहीत. पण सोडायचं नाही. आणखी विचारीन.

२५ नोव्हेंबर

आज जुना डोंगा कापला. सासूबाईंनी सुताराला बोलावलं, मला न सांगता. मी आडवी गेले नाही. खळगे होते तो मागचा तुकडा डोणीसाठी ठेवला. पाणी ओतलं तेव्हा आधी त्या दोन खळग्यांतच भरलं.

सासूबाई बकरीला म्हणाल्या, "पी. मन्सारामच्या घरचं पानी हाये."

आज दोघीही पोटभर रडलो. त्या तिकडे, मी इकडे.

२७ नोव्हेंबर

आमची पाळी. उजाडताना जाळं घेऊन घाटावर गेले. डोंग्यात मागच्या टोकाला सासूबाई बसलेल्या. काष्टा घट्ट, यांचा लांब बांबू हातात.

"उभी काऊन? समोर बस." महिन्याभरातला पहिला शब्द. "ओलं लाकूड उनात टाकून ठेवलं होतं. म्या बुडवला नसता त दोन फाका झाल्या असत्या."

"आत्या, तुमाले हे कुठून —"

"मानमोडीच्या साथीत घाटावर उभा गडी नव्हता. सारे खाटल्यावर. हा डोह आमी बायाईनं चालवला. लटारूले इचार, कोनाच्या हातचे मासे खाऊन जगला."

"कधी बोलल्या नाई."

"गडी उठले, आमी उतरलो. कोनी इचारलं नाई." पाण्याकडे पाहत होत्या. "मन्साराम तवा पाठीले बांधला राहे. इथीच."

त्यांनी बांबू टेकला. डोंगा सरळ निघाला.